समुद्रसपाटीपासून टाकीपर्यंत

सोलापूरच्या माणसाला वर बघायची सवय जुनीच, पण कारणं दोनच. जून-जुलैत पाऊस येतोय का, आणि संक्रांतीला आपला पतंग कुणी कापला. पावसाची चौकशी तर सरकारनंही करून पाहिली. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे शास्त्रज्ञ ढगांवर प्रयोग करायला विमान घेऊन इथे मुक्कामाला होते. तेव्हा होटगी रोडच्या विमानतळावरून मुंबईचं विमान नव्हतं, गोव्याचं नव्हतं, पण ढगाला भेटायला जाणारं होतं. "ढगाची वट हाय बे," असं चहाच्या गाड्यावर लोक म्हणायचे. आम्ही मात्र पुण्याला जायला इंद्रायणीचं तिकीट काढत होतो.

त्याच्या बऱ्याच आधी किंगफिशरचं विमान काही काळ आलं होतं आणि कंपनीसकट गेलं. त्यानंतर विमानतळ राहिला तो नेत्यांसाठी आणि आषाढीला पंढरपूरच्या महापूजेला येणाऱ्या मुख्यमंत्र्यांसाठी. गोव्याचं विमान सुरू व्हायला ९ जून २०२५ उजाडावा लागला. आणि या सगळ्या खटाटोपात गावाला एक गोष्ट कळली. इतकी वर्षं मोकळं समजून वापरत होतो त्या आभाळाचा सातबारा दुसऱ्याच्याच नावावर आहे.

हे पचायला जड गेलं, कारण जमिनीवरच्या हद्दीबद्दल आमचं धोरण उदार आहे. घराची पायरी गटारावर येते, पायरीचा ओटा होतो, ओट्यावर पत्रा येतो, पत्र्याखाली झेरॉक्सचं दुकान येतं. महापालिकेचं अतिक्रमणाचं पथक येतं, पत्रा उतरतो, पथकाची गाडी चौकापर्यंत जाईतो पत्रा पुन्हा चढतो. यात कुणी कुणावर रागवत नाही. हद्द ही आमच्याकडे बोलून ठरवायची गोष्ट आहे.

आभाळातली हद्द बोलत नाही. ती मोजलेली असते, आणि तीही अशी की ऐकणाऱ्यानं आधी वहीपेन्सिल घ्यावी. मोठ्या धावपट्टीच्या भोवती ४ किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरवर, एक सपाट छत आहे असं मानायचं. त्या छताच्या कडेपासून पुढे ते दर २० मीटरला १ मीटर असं बाहेर चढत जातं. धावपट्टीच्या टोकांपासून विमान उतरायच्या वाटेवर दर ५० मीटरला १ मीटर चढणारा पट्टा. दोन्ही अंगांना दर ७ मीटरला १ मीटरची चढण. लहान धावपट्टीला मापं थोडी वेगळी. या सगळ्याच्या वर कुठलंही बांधकाम डोकं काढता कामा नये. म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून समोर किलोमीटरभरावर तुमचा प्लॉट असेल तर तुमच्या वाट्याचं आभाळ साधारण २० मीटर, सहा मजले. त्यापुढचं विमानाचं. वर बघितलं तर काहीच दिसत नाही, स्वच्छ निळं, एखादी घार. पण त्या निळ्यावर कागदावरची रेघ आहे आणि त्या रेघेवर पत्रा टाकता येत नाही.

या भूमितीशी गावाची खरी गाठ पडली ती चिमणीमुळे. कुमठ्याचा सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना, त्याचा सहवीज प्रकल्प आणि त्या प्रकल्पाची नव्वद मीटरच्या आसपासची चिमणी. ४५ चं छत आणि ९० ची चिमणी, ही वजाबाकी चौथीतल्या पोराला येते. पण सोलापुरात वजाबाकीलाही दोन बाजू असतात. एका बाजूला कारखान्याला ऊस घालणारे शेतकरी, कामगार आणि त्यांचे संसार. दुसऱ्या बाजूला, विमान नाही म्हणून कंपन्या येत नाहीत आणि कंपन्या नाहीत म्हणून पोरं पुण्याला जातात, असं पोटतिडकीनं सांगणारे शहरातले लोक. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, प्रकरण कोर्टात गेलं. चहाच्या गाड्यावर दोन्ही बाजूंचे वैमानिक तयार झाले. "विमान दुसऱ्या बाजूनं उतरवायचं की, काय होतंय त्याला?" असं एकानं म्हणायचं, आणि दुसऱ्यानं बशीत बिस्कीट फिरवून वाऱ्याची दिशा समजावून द्यायची. बिस्कीट चहात पडलं की वाद दुसऱ्या दिवसावर.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि म्हणूनच भांडण इतकं लांबलं. एक जण खोटा असता तर लवकर मिटलं असतं. उगीच राजकारण म्हणून ज्याचा कीस पाडला ते मुळात भूमितीचं गणित होतं, आणि भूमितीला कुठल्याच पॅनेलमधून उभं राहता येत नाही. १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. कडक पोलीस बंदोबस्त, एक धमाका, धुळीचा लोट, आणि काही सेकंदांत ती आडवी. सगळं गाव मोबाइलवर बघत होतं. चिमणी आणि विमान यांवर जेवढे विनोद होणं शक्य होतं तेवढे त्या आठवड्यात गावानं करून संपवले, त्यामुळे मी नवा करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्यावर पहिला प्रश्न होता, "मग विमान आज किती वाजता?" उत्तर यायला दोन वर्षं लागली.

बोरामणीला दुसरा, मोठा विमानतळ व्हायचा आहे, असं आम्ही बऱ्याच वर्षांपासून ऐकतो. तिथे वनजमिनीचा आणि माळढोकाचा प्रश्न. म्हणजे एका ठिकाणी न उडणारी चिमणी आडवी आली आणि दुसऱ्या ठिकाणी उडणारा पक्षी. (हा विनोद धरू नये, ही वस्तुस्थिती आहे.)

चिमणी पडली आणि लोकांना वाटलं, आता सुटलो. तेव्हा अण्णांची टाकी निघाली.

अण्णा आमचे शेजारी. आयुष्यभर यंत्रमाग चालवले, आता घरावर दोन मजले चढवून मुलांना वाटून द्यायचे होते. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे इथे घर आधी टाकीचं असतं आणि उरलेल्या जागेत माणसं राहतात. अण्णांनी आराखड्यात दोन मजले, वर जिन्याची खोली आणि तिच्या डोक्यावर टाकी अशी काढून घेतली. टाकी उंच हवी, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेच्या नळालाही धार लागेल आणि घरात शांतता राहील. इंजिनिअरनं आराखडा बघितला, मोबाइलवर एक रंगीत नकाशा उघडला आणि म्हणाला, "अण्णा, तुमचं घर रंगात आलंय."

हा नकाशा म्हणजे विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत पट्ट्यांचा नकाशा. प्रत्येक रंगाला एक उंची. ठरलेल्या उंचीच्या आत असाल तर महापालिकाच परवानगी देते. लाल पट्ट्यात असाल तर उंची कितीही असो, आधी प्राधिकरणाची ना-हरकत. अर्ज ऑनलाइन, सोबत जागेचे अक्षांश-रेखांश आणि जागेची उंची, तीही समुद्रसपाटीपासून. यासाठी मोजणीवाला आला. तिपाईवर पांढरी थाळी लावून बराच वेळ तिच्याशेजारी मोबाइल बघत बसला आणि मग आकडा सांगितला, चारशे सत्तर आणि वर काही मीटर.

"कशापासून?" अण्णा.

"समुद्रसपाटीपासून."

"साहेब, समुद्र बघायला आम्हाला रात्रभर एसटीत बसावं लागतंय. त्याची सपाटी माझ्या टाकीला कशाला?"

"विमान समुद्रापासून मोजतंय, अण्णा."

"मग समुद्राकडंच उतरू दे की."

मोजणीवाला सभ्य माणूस. त्यानं समजावलं की पायलटच्या घड्याळात दिसते ती उंची समुद्रसपाटीपासूनची, तुमच्या अंगणापासूनची नव्हे. प्रत्येकानं आपापल्या अंगणापासून मोजायला सुरुवात केली तर वर गोंधळ होईल. अण्णांना हे पटलं नाही, कारण खाली सगळे तसंच मोजतात आणि चाललंय की. पण खरा धक्का पुढे होता. या उंचीत स्लॅब नव्हे तर सगळ्यात वरचं टोक धरतात. जिन्याची खोली धरतात, लिफ्टची खोली धरतात, टाकी धरतात, टाकीवरचा अँटेना धरतात, वीज पडू नये म्हणून लावलेली सळईसुद्धा धरतात. बांधकाम चालू असताना क्रेन लावली तर तिचंही टोक मोजायचं.

"आणि गुढी?"

मोजणीवाला थांबला. सळईचं त्याला माहीत होतं, गुढीचं त्याला कुणी विचारलं नव्हतं. बांबू, वर साडी, कडुलिंब, साखरेची गाठी आणि तांब्या. तात्पुरती उभारणी, वर्षातून एकदा, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. तांब्या तांब्याचा असल्यामुळे रडारवर दिसेल का, हा उपप्रश्न अण्णांच्या धाकट्या मुलानं काढला. मोजणीवाल्यानं वेळ मारून नेली, "गुढी गॅलरीत लावा." हे सल्ला म्हणून उत्तमच, पण गच्चीवरच्या गुढीला कायद्यात जागा नाही असा त्याचा अर्थ घेऊन अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

ना-हरकतीला मुदत असते. त्या मुदतीत बांधलंत तर बांधलंत, नाहीतर पुन्हा अर्ज. गावात लग्नाची बोलणी यापेक्षा जास्त चालतात.

झाडांचं प्रकरण तर मला फार आवडतं. १९९४ चे नियम आहेत, विमानांना अडथळा ठरणारी बांधकामं आणि झाडं हटवण्याचे. झाडाचं नाव नियमाच्या मथळ्यातच आहे. आता बांधकाम एका उंचीला येऊन थांबतं, माणूसही थांबतो, झाड थांबत नाही. अण्णांच्या परसातला नारळ त्यांच्या वडिलांनी लावलेला. त्याचं कोवळं टोक दरवर्षी थोडं थोडं त्या न दिसणाऱ्या छताकडे चाललेलं. नोटीस आली तर नारळाच्या मालकाला येणार, नारळाला नव्हे. अण्णांनी त्या दिवशी झाडाखाली उभं राहून, मान पूर्ण मागे टाकून, बराच वेळ अंदाज घेतला. मग वहिनींना हाक मारून सांगितलं, "याला खत घालायचं बंद कर."

नियमांचं वय बघा. १९३७ च्या विमान नियमांत ९१ वा नियम आहे. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत, पक्ष्यांना बोलावणं जाईल असा कचरा, घाण, मटणाच्या नि माशांच्या दुकानातलं टाकाऊ काही उघड्यावर टाकायचं नाही, जनावर कापायचं नाही. होटगी रोडवरच्या विमानतळापासून कंपासनं १० किलोमीटरचं वर्तुळ काढा, म्हणजे त्यात सोलापूर शहर जवळजवळ अख्खं बसतं. कोपऱ्याकोपऱ्यावरचा उकिरडा, त्यावरची कुत्री, कुत्र्यांवर घिरट्या घालणाऱ्या घारी, आणि रविवारी मटणाच्या दुकानापुढची रांग, सगळं वर्तुळात. घारीला इंजिनात घेणं विमानाला परवडत नाही आणि घारीला तर मुळीच नाही. आरोग्य निरीक्षकानं पाया पडून सांगितलं तरी जो कचरा घंटागाडीत गेला नाही तो विमानाच्या भीतीनं जाईल, अशी आशा काही आशावादी नगरसेवक बाळगून आहेत. कचऱ्याशी आमचा वाद विमानाहून जुना आहे, त्यामुळे मी पैज लावणार नाही.

आणखी एक नियम आहे दिव्यांचा. विमानतळाच्या आसपास धावपट्टीच्या दिव्यांशी गल्लत होईल असा दिवा लावायचा नाही. ऐकायला हास्यास्पद वाटतं. एवढं शिकलेला पायलट, समोर शंभर डायल, त्याला धावपट्टी कळणार नाही? पण जुहूला विचारा. सांताक्रूझचा विमानतळ शेजारीच, तरी १९५३ साली एक कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच तिथे उतरलं आणि धावपट्टी संपली तरी थांबलं नाही. ते विमान पुन्हा उडालं नाही. हे मुंबईत झालं, जिथे दोन्ही ठिकाणी खरोखरच धावपट्ट्या होत्या. आमच्याकडे होटगी रोडला मंगल कार्यालयं आहेत. प्रवेशद्वारापासून स्टेजपर्यंत दोन सरळ समांतर रांगांत पांढरे दिवे, मध्ये लांबलचक लाल गालिचा, शेवटी हिरवा प्रकाश. शिवाय डीजेवाल्यांची शार्पी. हे नाव ज्याला माहीत नाही त्यानं मिरवणुकीत एकदा वर बघावं, आभाळाला चिरत फिरणारा निळाजांभळा झोत म्हणजे शार्पी. डीजेवाल्याला मी विचारलं, विमान आलं तर? तो म्हणाला, "त्यालाबी नाचवतो की, दादा."

ड्रोनवाल्याची अडचण वेगळी. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या कुंपणापासून ५ ते ८ किलोमीटरमधलं आभाळ जमिनीपासूनच पिवळं. पिवळं म्हणजे वर जायला नियंत्रकाची परवानगी. ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटरपर्यंत हिरवं, त्यावर पुन्हा पिवळं. त्यापलीकडे १२० मीटरपर्यंत हिरवं. लग्नाच्या शूटिंगवाल्यानं हे ऐकलं तेव्हा त्याचा पहिला विचार कायदा मोडायचा नव्हता, ही त्याची सज्जनता. त्यानं नवरानवरीला गाडीत घालून तुळजापूर रोडला १२ किलोमीटरच्या बाहेर नेलं, तिथल्या एका ज्वारीच्या रानात ड्रोन उडवला आणि कार्यालयात परत आणलं. मुहूर्त टळला. दोन्हीकडची मंडळी भटजींवर घसरली, कारण विमान वाहतूक खात्यावर घसरायला तिथे कुणी हजर नव्हतं. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक वरून टिपायची हौस सगळ्यांनाच आहे. नंदीध्वज पेलणाऱ्यानं शतकानुशतकं तोल सांभाळला, आता शूटिंगवाल्यानं आधी अर्ज सांभाळायचा.

आभाळाला वर्गही असतात, ए पासून जी पर्यंत. जी मध्ये तुमचं तुम्ही बघा. ए मध्ये नियंत्रकाच्या शब्दाबाहेर पान हलत नाही. आपल्याकडे विमानतळांभोवतीचं नियंत्रित आभाळ बहुधा डी वर्गात पडतं, आणि या डी वर्गाचा स्वभाव मला ओळखीचा वाटतो. आत यायला परवानगी घ्या. साधनांच्या आधारे उडणाऱ्या दोन विमानांमध्ये अंतर आम्ही ठेवू. पण डोळ्यांनी बघून उडणाऱ्यांनो, समोरून कोण येतंय ते तुम्हाला सांगू, टाळायचं तुमचं तुम्ही. आमच्या वाहतूक पोलिसानं आसरा चौकात एवढं जरी केलं तरी मी त्याला हार घालीन.

त्यात बोलण्याचीही शिस्त आहे. नियंत्रकानं परवानगी दिली की पायलटनं ती शब्दशः परत म्हणून दाखवायची. उंची, दिशा, धावपट्टीचा नंबर, सगळं. चुकलं तर नियंत्रक तिथल्या तिथे दुरुस्त करतो. नुसतं 'बरं बरं' चालत नाही. हे ऐकून वहिनींनी अण्णांवर ताबडतोब प्रयोग केला. "येताना पावशेर शेंगाचटणी, दोन कडक भाकरीची पाकिटं, आणि गॅसवाल्याला फोन. परत म्हणा." अण्णांनी चटणी बरोबर म्हटली, भाकरीची पाकिटं चार म्हटली, गॅसवाला गाळला. "दुरुस्ती," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हणवून घेतलं. घरात आता नियंत्रित क्षेत्र आहे, तेही ए वर्गाचं.

टाकीचं शेवटी मिटलं. एक मजला गेला, जिन्याची खोली बुटकी झाली, टाकी उभीची आडवी झाली आणि वरच्या सुनेसाठी प्रेशर पंप बसला. ना-हरकत आली. अण्णांनी ती लॅमिनेट करून सिद्धेश्वराच्या फोटोशेजारी लावली. मग मुलांनी हट्ट करून त्यांना गोव्याच्या विमानात बसवलं. छोटं एटीआर, पंखेवालं, पंख वरच्या अंगाला, त्यामुळे खिडकीतून खालचं अख्खं दिसतं. विमान वळलं तसं अण्णांनी कपाळ काचेला टेकवलं, होटगी रोड ओळखला, नारळ ओळखला, आडवी टाकी ओळखली आणि हवाईसुंदरीला हाक मारली.

"बाई, ड्रायव्हरला जरा खाली घ्यायला सांगा की ओ. टाकीचं झाकण उघडं राहिल्यागत दिसायलंय."